मुलांचे प्रश्न आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

(हवामानबदलासंबंधी बालक व तरुण यांच्या पुढाकारास शाळेने द्यावयाचे साहाय्य : केदारखेडा परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेकरिता तयार केलेले व्याख्यान)



पूर्णा नदीच्या काठी वसलेल्या केदारखेड्यातील शेतकऱ्याचे मूल शाळेत येण्यापूर्वीच एक विद्या घरी शिकलेले असते. आकाशाकडे पाहणे ही ती विद्या होय. मृग बरसला की कोरडा गेला, पेरणी साधली की दुबार करावी लागली, विहिरीला पाणी किती उरले, या गोष्टी त्याच्या घरच्या रोजच्या बोलण्यातील असतात. ज्या घराचा वर्षाचा हिशेब कापूस, सोयाबीन व मका यांच्या पिकावर बसतो अथवा मोडतो, त्या घरातील मुलास हवामानाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही. त्याला जे शिकवावयाचे ते वेगळेच आहे. वडिलांचे व आजोबांचे ठोकताळे अलीकडे का चुकू लागले, त्यासंबंधी कोणाला विचारावयाचे, आणि विचारताना कोणता पुरावा हाती धरावयाचा, हे त्यास सांगणारे घरी बहुधा कोणी नसते. ते काम शाळेचे आहे.

मराठवाड्यास अवर्षण नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अद्याप गावोगावच्या वृद्धांच्या तोंडी आहेत. तथापि अलीकडच्या काळातील घटना ओळीने मांडून पाहिल्या, तर त्यांचे स्वरूप विचार करावयास लावणारे आहे. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात असा दुष्काळ पडला, की वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या. पाठोपाठ २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी रब्बी पिके झोडपली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने हाताशी आलेला खरीप बुडाला, अनेक ठिकाणी पिकाबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. एका पिढीच्या शालेय वयात ‘पाणी नाही’ आणि ‘पाणी आवरत नाही’ अशी दोन्ही संकटे आली.

याचे शास्त्रीय कारण प्राथमिक शाळेतील मुलालाही कळेल अशा शब्दांत सांगता येते. कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत मिसळतो आणि सूर्यापासून आलेली उष्णता पृथ्वीभोवती रोखून धरतो. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापलेली हवा एकीकडे जमिनीतील ओल लवकर शोषून घेते, आणि दुसरीकडे बरसू लागली की एकदम बरसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे वर्ष तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखानदारीपूर्वीच्या तापमानाहून ते सुमारे दीड अंशाने अधिक होते.

येथे शिक्षकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोसळलेला प्रत्येक पाऊस व वाळलेली प्रत्येक विहीर हवामानबदलामुळेच होय, असे मुलांस कदापि सांगू नये. एका वर्षाच्या अनुभवावरून असा निष्कर्ष निघत नाही. अनेक दशकांच्या नोंदीवरून निघतो. विहीर आटण्यास पाऊस कारण असेल, तसा अमर्याद उपसाही असेल. ज्या मुलास हा विवेक शिकविला नाही, त्याचा प्रश्न पहिल्याच सभेत हसण्यावारी जातो, आणि मग ते मूल पुन्हा प्रश्न विचारीत नाही.

हा प्रश्न मुलांचाच विशेष का, असे कोणी विचारील. ज्याने आयुष्यात अद्याप मोटार चालविली नाही, कारखाना काढला नाही, मतही दिले नाही, त्या मुलाचा या उष्णतेत वाटा जवळजवळ नाही. आणि तिच्यात सर्वांत अधिक वर्षे काढावयाची आहेत ती त्यालाच. दूरची गोष्ट राहू द्या. दुष्काळाच्या वर्षी हंडा डोक्यावर घेऊन कोण निघते? बहुधा घरातील मुलगी. कुटुंब ऊसतोडीला वा शहरातील मजुरीला निघाले, की हजेरीपटावरील कोणते नाव पुसट होते? आईबापांमागे गेलेल्या त्या बालकाचे. हवामानाचा पहिला परिणाम शाळेच्या हजेरीपटावर उमटतो, आणि तो प्रथम वाचणारा शिक्षकच असतो. म्हणून या विषयात ‘हे आमचे काम नव्हे’ असे म्हणण्याची सोय शिक्षकाला नाही.

गेल्या काही वर्षांत जगातील तरुण पिढीने हा प्रश्न स्वतः हाती घेतला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची विद्यार्थिनी स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी फलक घेऊन बसली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यासारखे लक्षावधी विद्यार्थी देशोदेशी रस्त्यावर आले. मुंबई-पुण्याचे विद्यार्थीही त्यांत होते. भारतात उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडे हिने २०१७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, हवामानबदलासंबंधी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तो २०१९ मध्ये निकाली काढण्यात आला. तरीही ती थांबली नाही, आणि त्याच वर्षी इतर देशांतील मुलांसह तिने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे दाद मागितली. समितीने २०२१ मध्ये, प्रथम आपापल्या देशातील न्यायालयांत जावे, असे सांगून ती तक्रार दाखल करून घेतली नाही. परंतु त्याच समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये बालकांचे हक्क व पर्यावरण यांविषयीचे आपले सविस्तर मत प्रसिद्ध केले, आणि ते तयार करताना १२१ देशांतील सोळा हजारांहून अधिक मुलांचे म्हणणे विचारात घेतले.

शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी हकीकत पॅसिफिक महासागरातील वानुआतू या लहानशा द्वीपराष्ट्रातील आहे. २०१९ मध्ये तेथील विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातच असा प्रश्न उपस्थित केला, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारक आहे काय? विद्यार्थ्यांनी तो प्रश्न आपल्या शासनाकडे नेला. शासनाने तो उचलून धरला, इतर राष्ट्रे मिळविली, आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला. २३ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने मत दिले, की असे बंधन राष्ट्रांवर आहे. वर्गात निघालेला प्रश्न सहा वर्षांत जगाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचला. यात विद्यार्थ्यांचे धैर्य आहेच; परंतु वाटेतील प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी वडीलधाऱ्याने ते कागद पुढे नेले, दडपून ठेवले नाहीत, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील उदाहरण आरेचे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडकरिता रात्री वृक्षतोड सुरू झाली. ती अडविण्यास गेलेल्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला. तथापि तोपर्यंत २,१४१ झाडे तुटली होती, आणि कारशेडही पुढे तेथेच झाली. मुलांना ही हकीकत सांगताना तिचा शेवट झाकू नये. विचारले की मिळतेच असे नाही. परंतु एका विद्यार्थ्याचे पत्र न्यायालयाने याचिका म्हणून वाचले, हेही सत्य आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच मुलास लोकशाहीचे खरे शिक्षण मिळते.

‘मुलांनी अभ्यास करावा, चळवळी मोठ्यांनी कराव्यात,’ हा आक्षेप बहुतेक गावांत ऐकू येतो. तो सद्हेतूने घेतलेला असतो, म्हणून त्याला उत्तर आदरपूर्वक दिले पाहिजे. आणि ते उत्तर मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. १९३८ साली निजामी राजवटीत औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्या मुलांची शिक्षणे तेथेच संपावयाची. परंतु नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी आपले दार उघडले. त्यांतील अनेकांनी पुढे सार्वजनिक जीवनात मोठी कामे केली. १७ सप्टेंबरला शाळेत ध्वजवंदन करताना शिक्षक या विद्यार्थ्यांचा गौरव करतात, तो योग्यच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे हुतात्मा झालेल्या शिरीषकुमाराचे नावही प्रत्येक शाळेत आदराने घेतले जाते. गेलेल्या काळातील मुलांच्या धैर्याचा गौरव करावयाचा आणि आजच्या मुलाने प्रश्न विचारला की ‘खाली बैस’ म्हणावयाचे, ही विसंगती मुलांच्या लक्षात आल्याखेरीज राहत नाही. नागपूरचे ते उघडे दार शिक्षकाने आदर्श म्हणून पुढे ठेवावे. आवाज मुलांचा होता. त्यांचे शिक्षण बुडू न देण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांनी घेतली. साहाय्य म्हणतात ते यालाच.

आता प्रत्यक्ष शाळेत काय करावयाचे, याचा विचार करू जाता चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, मुलांच्या हाती घोषवाक्याच्या आधी मोजपट्टी द्यावी. सरळ बाजूंचे व सपाट बुडाचे एक भांडे, एक पट्टी आणि एक वही एवढ्यावर पर्जन्यमापनास आरंभ होतो. भांडे झाडे व भिंती यांपासून दूर, उघड्यावर ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी पाळीपाळीने नोंद करावी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की महसूल खाते त्यास अतिवृष्टी म्हणते, आणि नुकसानभरपाईचा विचार करताना मंडळातील नोंद पाहिली जाते. एका शिवारात पाऊस कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण त्याची नोंद त्याच्यापाशी नसते. शाळेच्या वहीस शासकीय नोंदीचे स्थान मिळणार नाही. तरीही दहा वर्षे अखंड लिहिलेली वही गावास आपल्या पावसाची ओळख करून देईल. यातून गणितही शिकता येते: एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर ६५ मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेसहा हजार लिटर पाणी वाहून गेले, हे पाचवीतील मूल सहज काढील. त्यानंतर ‘हे पाणी का साठवीत नाही?’ हा प्रश्न शिक्षकाने सुचवावा लागणार नाही. याचप्रमाणे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली दर महिन्यास एका ठरावीक विहिरीची पाणीपातळी मोजावी, आणि पावसाळ्यात लावलेली झाडे पुढील मे अखेरीस किती जगली, हे मोजून लिहावे. किती झाडे लावली हा आकडा सर्वांस आवडतो. किती जगली हा आकडा मुलांनी विचारावा.

दुसरी गोष्ट, मुलांचे म्हणणे जेथे ऐकून घेणे भाग आहे अशा ठिकाणी ते पोहोचवावे. प्रभातफेरी निघते, चित्रे रंगविली जातात, छायाचित्र घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी सर्व विसरले जाते. त्यात मुलांचा उत्साह असतो, पण त्यांना उत्तर कोणी देत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. मुलांच्या नोंदी प्रथम त्यांच्यापुढे वाचाव्यात. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरते. तिच्यापुढे मुलांच्या बालसभेने आपले एक पानी निवेदन ठेवावे. त्यात एक नोंद, एक प्रश्न व एक मागणी असावी. ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी आणि पुढील सभेत त्याचे काय झाले ते सांगितले जावे, एवढा आग्रह शिक्षकाने व समितीने धरावा. ‘पैसे नाहीत, पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर मिळाले, तरी ते उत्तर आहे. गप्प बसणे हे उत्तर नव्हे.

तिसरी गोष्ट, मुलांचे संरक्षण. नदीतील वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरविते. वाळू उपसली गेली की विहिरी खोल जातात. ही शास्त्रीय गोष्ट मुलांना अवश्य शिकवावी. परंतु वाळूच्या व्यवहारात अनेकांचे हितसंबंध गुंतलेले असतात. उपसा चालू असलेल्या ठिकाणी मुलांना पाहणीस नेऊ नये, कोणाचे नाव त्यांच्या तोंडून वदवू नये, आणि तक्रारअर्जावर त्यांच्या सह्या घेऊ नयेत. जेथे धोका आहे तेथे बोलणे हे प्रौढांचे काम आहे; ते टाळण्यासाठी मुलांना पुढे करणे हे भ्याडपणाचे लक्षण होय. प्राथमिक शाळेतील मुलांना मोर्चात नेऊ नये. शाळा सोडून गेलेले, हायस्कुलात वा महाविद्यालयात शिकणारे गावचे तरुण मात्र स्वतःच्या विचाराने शांततामय चळवळीत पडले, तर त्यांना शिक्षकाने परके मानू नये. त्यांचे निवेदन वाचून द्यावे, त्यातील आकडा तपासून द्यावा, कायदा काय सांगतो ते समजावून द्यावे, आणि त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी दोन शब्द बोलावेत. जिल्हा परिषदेचा सेवक वर्तणूक नियमांनी बांधलेला आहे; राजकीय चळवळीत भाग घेणे त्यास उचित नाही. पण सत्य शिकविण्यास व विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्यास कोणताही नियम आड येत नाही. उलट, पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये राज्यघटनेत समाविष्ट झाले आहे. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. आणि माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या प्रकरणात २१ मार्च २०२४ रोजी त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला.

चौथी गोष्ट, मुलांच्या मनात भय भरू नये. पृथ्वी बुडणार, जग जळणार, असे चित्र रंगविले, की संवेदनशील मूल रात्री झोपत नाही आणि इतर मुले पुढे ऐकेनाशी होतात. संकटाबरोबर त्यावर केलेल्या कामाचे दर्शनही घडवावे. त्यासाठी दूर जावयास नको. जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९६ नंतरच्या काळात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, पाणलोटाची कामे केली, बांधबंदिस्ती केली, पुढे शेततळी खोदली. आणि २०१२ च्या दुष्काळातही तेथील द्राक्षबागा तगल्या. शक्य झाल्यास मुलांची सहल तेथे न्यावी. मात्र तेथेही पुरते सत्य सांगावे. बांध व शेततळी यांनी गाव दुष्काळात तग धरते. हवेतील वायू त्याने कमी होत नाही. त्याकरिता कोळशावर चालणारी वीजकेंद्रे, कारखाने व वाहने यांची व्यवस्था बदलावी लागते, आणि तो निर्णय मुंबईत, दिल्लीत व त्याहून अधिक इतकी वर्षे धूर सोडीत आलेल्या श्रीमंत राष्ट्रांच्या राजधान्यांत व्हावयाचा आहे. केदारखेड्याच्या मुलाने ‘आमच्या विहिरीसाठी गावाने काय केले?’ असे जसे विचारावे, तसेच ‘आमच्या आकाशासाठी जगाने काय केले?’ असेही विचारावे. दोन्ही प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार सारखाच आहे.

शिक्षकास हे सर्व एका वर्षात साधेल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. वर्ग मोठे असतात, कागदपत्रांचे ओझे असते, बदल्या होतात. पर्जन्याची वही एका शिक्षकाने आरंभिली आणि दुसरा येताच ती कपाटात गेली, असे होऊ नये, म्हणून ती शाळेच्या दप्तरात नोंदवून कार्यभार देताना हवाली करावी. येत्या ७ जूनच्या आत भांडे उघड्यावर ठेवले जावे व पहिल्या पानावर तारीख पडावी. पहिली काही पाने मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत असतील, एखादा दिवस सुटलेला असेल. तो सुटला असे प्रामाणिकपणे लिहावे, मागाहून भरू नये. खोट्या आकड्यांची वही चळवळीच्या कामी येत नाही. खऱ्या आकड्यांची वही घेऊन गावचे मूल ज्या दिवशी ग्रामसभेत उभे राहील, त्या दिवशी त्याला बसावयास सांगण्याऐवजी सरपंचांनी ती वही हाती घेऊन वाचावी, यासाठी सभेआधी त्यांना भेटून ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.